डाव्या पायाचे शिक्षण : मोटारीच्या क्लचचा आणि त्याच्या सरावाचा इतिहास

अंतर्ज्वलन इंजिनाची एक जन्मजात मर्यादा अशी की ते शून्य वेगापासून भार उचलू शकत नाही. वाफेचे इंजिन किंवा विजेची मोटार उभ्या अवस्थेतूनच पूर्ण जोर लावू शकते. पेट्रोलवर किंवा डिझेलवर चालणारे इंजिन मात्र मिनिटाला काही शे फेऱ्यांच्या खाली आले की गुदमरते आणि बंद पडते. फिरते इंजिन आणि उभी चाके यांची गाठ घालायची, तर दोघांचे वेग जुळेपर्यंत थोडे घसरू देणारा आणि जुळल्यावर घट्ट धरून ठेवणारा एक दुवा मध्ये लागतो, आणि हा दुवा म्हणजेच क्लच. चालकाच्या डाव्या पायाखालचे पेडल दाबले की दुवा सुटतो, पेडल सोडत आणले की तो हळूहळू जुळतो, आणि त्या प्रवासात एक जागा अशी येते की जिथे इंजिनाचा आवाज किंचित खाली बसतो, गाडीचे नाक जरासे उचलल्यासारखे वाटते आणि चाके ओढ घेऊ लागतात. क्लच ‘पकडतो’ असे चालक ज्या जागेबद्दल म्हणतात ती हीच. ती पेडलाच्या प्रवासात नेमकी कोठे आहे, किती रुंद आहे आणि तेथे पायाला किती जोर जाणवतो, हे कोणत्याही दोन गाड्यांत तंतोतंत सारखे नसते. म्हणूनच वीस वर्षे गाडी चालवलेल्या माणसाचीही नवी गाडी पहिल्या काही दिवसांत चौकात बंद पडते किंवा गचका देऊन पुढे उडी घेते.

या अवघडलेपणाचे कारण सहसा चालकाच्या वयात किंवा गाडीच्या नवेपणात शोधले जाते. वास्तविक ते यंत्राच्या इतिहासात आहे. पायाला आलेला अंदाज ही त्या माणसाची स्वतंत्र कमाई दिसत असली, तरी तो अंदाज कोणत्या चामड्यावर, कोणत्या स्प्रिंगवर, कोणत्या वायरीवर किंवा तेलावर घडला यावर त्याचे स्वरूप ठरलेले असते, आणि हे पदार्थ गेल्या सव्वाशे वर्षांत अनेकदा बदलले आहेत. प्रत्येक बदलाबरोबर पायाच्या कामाचा काही भाग यंत्राने स्वतःकडे घेतला, आणि जुन्या यंत्रावर शिकलेल्या पायाला प्रत्येक वेळी नव्याने शिकावे लागले.

कार्ल बेंझच्या १८८६ सालच्या तीनचाकी मोटारीत आजच्या अर्थाने क्लच नव्हताच. इंजिनाची शक्ती चामड्याच्या पट्ट्याने मागे जात असे आणि गाडी थांबवायची असली की तो पट्टा एका दांड्याने नुसत्याच फिरणाऱ्या मोकळ्या कप्पीवर सरकवला जाई. गिरण्यांतील माग चालू-बंद करण्याची हीच पद्धत होती, त्यामुळे त्या काळच्या कारागिराला त्यात नवे काही नव्हते. फ्रान्समधील पानार आणि लेव्हासोर या कारखान्याने १८९१ पासून जी रचना रूढ केली, तीत इंजिन पुढे, त्यामागे क्लच, त्यामागे सरकत्या दात्यांची गिअरपेटी आणि शेवटी मागची चाके असा क्रम आला. पुढील जवळजवळ पाऊण शतक जगातील बहुसंख्य मोटारी याच क्रमाने बांधल्या गेल्या. या रचनेतील क्लच लवकरच शंकूच्या आकाराचा झाला. इंजिनाच्या जड चाकाच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या, पोटात शंकूसारखी खोलगट जागा कोरलेली असे, तीत चामडे मढवलेला दुसरा शंकू दणकट स्प्रिंगच्या जोराने जाऊन बसे, आणि चामडे व लोखंड यांच्या घर्षणावर सारी गाडी ओढली जाई.

चामड्याच्या या क्लचला स्वभाव होता, आणि तो हवामानाप्रमाणे बदलत असे. चामडे कोरडे पडले की तो एकदम पकडे आणि गाडी हिसका देऊन सुटे. त्यावर इंजिनाचे तेल उडाले की तो घसरू लागे आणि इंजिन कितीही ओरडले तरी गाडी चढ चढत नसे. म्हणून त्या काळच्या चालकाच्या सामानात चामडे मऊ करण्यासाठी एरंडेलासारखे एखादे तेल असे आणि तेलकट झालेल्या चामड्यावर भुरभुरण्यासाठी मुलतानी मातीची पूडही असे. पुढे कारखानदारांनी चामड्याखाली ठिकठिकाणी लहान पट्टीस्प्रिंगा बसवल्या, त्यामुळे चामड्याचे काही भाग किंचित वर उचललेले राहिले. ते आधी टेकत, बाकीचे मागून टेकत, आणि पकड टप्प्याटप्प्याने येई. ही युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण आजच्या गाडीचा क्लच मऊ लागतो तो मुळात याच युक्तीच्या वंशजामुळे. त्या काळी गाडीशी जुळवून घेणे म्हणजे पेडलाच्या सरावाबरोबरच त्या चामड्याची निगा शिकणेही होते, आणि मोटारीबरोबर पगारी शोफर ठेवण्याची जी पद्धत युरोपात व पाठोपाठ हिंदुस्थानात रुजली, तिच्यामागे प्रतिष्ठेइतकेच हेही कारण होते.

पेडलांची आजची मांडणी, म्हणजे डावीकडे क्लच, मध्ये ब्रेक आणि उजवीकडे अ‍ॅक्सिलरेटर, ही आज निसर्गनियमासारखी वाटते. पण ती स्थिर होण्यास बराच काळ लागला. १९०८ ते १९२७ या काळात सुमारे दीड कोटींच्या संख्येने बनलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत तीन पेडले होती खरी, परंतु डावे पेडल पूर्ण दाबले की गाडी खालच्या गिअरमध्ये जाई, अर्धे दाबले की मोकळी होई आणि पूर्ण सोडले की वरच्या गिअरमध्ये जाई. मधले पेडल मागे जाण्यासाठी होते, उजवे ब्रेकचे होते आणि इंधनाचा दांडा स्टिअरिंगखाली हाताशी होता. कॅडिलॅकने १९१६ च्या नमुन्यात आजची मांडणी वापरली आणि १९२२ मध्ये आलेल्या ऑस्टिन सेव्हन या लहान व स्वस्त इंग्रजी गाडीने ती सामान्य लोकांपर्यंत नेली. तरीही १९३० च्या दशकापर्यंत अनेक गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर क्लच आणि ब्रेक यांच्या मध्ये असे, आणि एका गाडीवरून दुसरीवर जाणाऱ्याने घाईत ब्रेक समजून वेग वाढवण्याचा धोका खरोखरीचा होता. ऑस्टिन सेव्हनचा क्लच तर त्याच्या तुटपुंज्या प्रवासासाठी प्रसिद्ध होता: पूर्ण सुटलेला आणि पूर्ण पकडलेला यांत पेडलाचे अंतर इतके थोडे होते की पाय सोडण्याची रूढ पद्धत तिथे निरुपयोगी ठरे आणि तळपायाच्या अगदी बारीक हालचालीने गाडी सोडावी लागे. लाखो लोक याच गाडीवर शिकले, आणि पुढे मोठ्या गाडीत बसल्यावर त्यांना लांब पेडलाचा सराव नव्याने करावा लागला.

चामड्याला पर्याय शोधण्याचे प्रयत्न दोन दिशांनी झाले. इंग्रज अभियंता हेन्री सेल्बी हेले-शॉ याने विसाव्या शतकाच्या आरंभी खाचदार धातूच्या अनेक चकत्या एकावर एक रचून त्या तेलात बुडवल्या. चकत्यांमधील तेल पिळून बाहेर पडेपर्यंत त्या घसरत, नंतर धरत. त्यामुळे पकड विलक्षण मृदू होती, मात्र थंडीत तेल घट्ट झाले की पेडल दाबूनही दुवा पुरता सुटत नसे. दुसरी दिशा एकाच कोरड्या चकतीची होती आणि फ्रान्सच्या द दिओं-बुतों कारखान्याने ती लवकर धरली. परंतु कोरड्या चकतीला घर्षणाची उष्णता सोसणारे अस्तर हवे होते. ते इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातून आले. हर्बर्ट फ्रूड याने १८९७ पासून डोंगराळ रस्त्यांवर उतरणाऱ्या घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी निरनिराळे पदार्थ वापरून पाहिले, आणि पुढच्या दशकात तो अ‍ॅस्बेस्टॉसचे धागे राळेत बसवण्यापर्यंत पोहोचला. चामडे जिथे करपे तिथे हे अस्तर टिकले, आणि १९२० च्या दशकात एका कोरड्या चकतीचा क्लच सर्वत्र पसरला. शेव्हरोलेने १९२५ च्या नमुन्यात शंकू सोडून चकती घेतली. फ्लायव्हील आणि स्प्रिंगांच्या जोराने दाबणारे लोखंडी कडे, म्हणजे प्रेशर प्लेट, यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी अस्तर लावलेली चकती अशी ही तीन थरांची रचना आजही तशीच आहे. या अस्तराची किंमत मोठी होती. चकती बदलताना उडणारी भुकटी फुप्फुसांना घातक असते हे कळल्यावर अनेक देशांनी अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली, परंतु त्यापूर्वी कित्येक दशके गॅरेजमधील मिस्त्री आणि त्यांच्या हाताखालची पोरे ती भुकटी फुंकून किंवा हवेच्या नळीने उडवून साफ करीत आली होती, आणि मोटारीच्या इतिहासात त्यांच्या श्वासांचा हिशेब फारसा कोणी मांडलेला नाही.

हिंदुस्थानात मोटार आली ती या चामड्याच्याच काळात. १९१४ च्या भारतीय मोटार वाहन कायद्याने चालकाला परवाना आवश्यक केला. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे सुट्या भागांतून गाड्या जोडण्याचा कारखाना काढला, त्यामुळे मुंबई इलाख्यातील नव्या चालकांपैकी अनेकांचा पाय सुरुवातीपासूनच कोरड्या चकतीवर घडला. त्यांची खरी परीक्षा मात्र शहरात होत नसे. मुंबईहून पुण्याकडे जाताना बोरघाट लागे, आणि या घाटातला रस्ता १८३० मध्ये, गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत, बैलगाड्या व घोडागाड्यांसाठी खुला झालेला होता. बैलासाठी आखलेला चढ मोटारीला निराळ्या कारणाने जड जातो: वळणावर पुढचे वाहन थांबले की मोटारीला चढावर उभे राहून पुन्हा सुटावे लागते, आणि सुटताना क्लच सर्वाधिक तापतो.

या तापण्यामागचे गणित समजून घेतल्याशिवाय जुन्या चालकांची शिस्त समजत नाही. सपाट रस्त्यावर, इंजिनाचा वेग स्थिर ठेवून गाडी उभ्या अवस्थेतून सोडली, तर पकड पुरी होईपर्यंत इंजिन जेवढे काम देते त्यातले निम्मे गाडीच्या गतीत जाते आणि निम्मे चकतीवर उष्णता होऊन जिरते. हजार किलोची गाडी ताशी १० किलोमीटर वेगाला आणताना ही उष्णता चार किलोज्यूलच्या आत असते, आणि चकती ती सहज पचवते. चढावर मात्र घसरत्या चकतीला गाडीचे वजनही तोलावे लागते, त्यामुळे निम्म्याहून अधिक भाग उष्णतेत जातो. ब्रेक न लावता क्लच अर्धवट सोडून गाडी जागच्या जागी धरली, ज्याला चालक ‘हाफ क्लचवर धरणे’ म्हणतात, तर गाडी हलतच नसल्यामुळे इंजिनाचे सगळेच काम उष्णता बनते आणि मिनिटाभरात अस्तर करपल्याचा वास येतो. म्हणूनच चढावर थांबले की गाडी हातब्रेकवर टाकायची, क्लच पकडण्याच्या जागेपर्यंत आणायचा, इंजिनाने ओढ घेतली की मगच हातब्रेक सोडायचा, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. सध्याच्या कायद्यातही तो टिकून आहे: १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत परवान्याच्या चाचणीसाठी ज्या कसोट्या सांगितल्या आहेत, त्यांत तीव्र चढावर गाडी थांबवून मागे न घसरता पुन्हा सोडता येणे ही एक आहे. या कसोटीचा आग्रह प्रत्यक्ष चाचणीत जेथे धरला जात नाही, तेथे तिची उणीव पुढे घाटात भरून काढावी लागते.

क्लचचे दुसरे काम गिअर बदलताना लागते, आणि तेथला इतिहास आणखी कष्टाचा आहे. जुन्या गिअरपेटीत निरनिराळ्या वेगांनी फिरणारे दाते चालकाने स्वतःच्या अंदाजाने जुळवायचे असत. खालचा गिअर टाकताना क्लच दाबून गाडी मोकळी करायची, क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरने इंजिन चढवायचे, पुन्हा क्लच दाबून गिअर बसवायचा, अशी दुहेरी हालचाल लागे, आणि तिला ‘डबल क्लच’ म्हणत. अंदाज चुकला की दाते करकरत आणि शेजारच्या प्रवाशालाही चूक कळे. कॅडिलॅकने १९२८ मध्ये सिंक्रोमेश ही योजना आणली; दाते गुंतण्यापूर्वी एक लहान पितळी शंकू घर्षणाने दोघांचे वेग सारखे करतो, असे तिचे तत्त्व. वरच्या गिअरना ती लवकर मिळाली, पहिल्या गिअरला मात्र बरीच उशिरा. महिंद्र कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत जोडायला घेतलेल्या विलीज जीपमध्ये पहिला गिअर असाच बिनमदतीचा होता, आणि तसाच तो पुढे अ‍ॅम्बेसेडरमध्येही राहिला. त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला गिअर टाकायचा नाही, ही सवय भारतीय चालकांच्या दोन पिढ्यांत मुरली आणि यंत्र बदलल्यानंतरही राहिली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. तिच्या मागोमाग वरंधा, कुंभार्ली, आंबोली अशा घाटांतून एसटी नेणाऱ्या चालकांचे कौशल्य बहुतांशी या डबल क्लचचे होते, आणि ते शाळेतल्या पुस्तकात न येता जुन्या चालकाकडून नव्याकडे गेले.

स्वातंत्र्यानंतर सरकारने केवळ सुटे भाग जोडणाऱ्या परदेशी कंपन्यांना वाव ठेवला नाही. पुढची तीस वर्षे देशातील खासगी मोटारींचे विश्व मुख्यतः दोन गाड्यांत सामावले: उत्तरपाड्याची अ‍ॅम्बेसेडर आणि कुर्ल्याची फियाट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डी काढली, आणि १९७४ पासून तीच पद्मिनी या नावाने विकली गेली. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, पुढे अखंड लांब आसन, आणि डाव्या पायाखाली बऱ्यापैकी जड पेडल अशा या गाडीवर मुंबईची टॅक्सी अर्धशतकाहून अधिक काळ चालली. पद्मिनीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून निघाली. एवढा दीर्घ काळ गाडी जवळजवळ तीच राहिल्याचा एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही. एका फियाटवर शिकलेला माणूस दुसऱ्या फियाटमध्ये बसला तरी त्याच्या पायाला ओळखीची भूमी मिळे. गाड्यांमधला फरक त्यांच्या बनावटीचा नसून झिजेचा असे, आणि कोणत्या गाडीचा क्लच ‘वर’ आला आहे, कोणाचा ‘खाली’ आहे, हे टॅक्सी पाळीने चालवणारे चालक एकमेकांना चावीबरोबर सांगत.

त्या पिढीच्या क्लचमध्ये प्रेशर प्लेट दाबून धरण्यासाठी बहुतांशी वेटोळ्या स्प्रिंगा गोलाकार बसवलेल्या असत. वेटोळी स्प्रिंग जितकी दाबावी तितका तिचा जोर वाढतो, म्हणून पेडल खाली जाताना जड होत जाई आणि तळाशी सर्वांत जड लागे. चकती झिजली की स्प्रिंगा सैलावत, पकड कमी होई आणि चढावर क्लच घसरू लागे. याच्या जागी जी पडदा-स्प्रिंग, म्हणजे डायफ्रॅम स्प्रिंग आली, ती उथळ बशीसारखी एकच पोलादी चकती असते आणि तिच्या मध्याकडे बोटांसारख्या पट्ट्या कापलेल्या असतात. तिचा गुण असा की ठरावीक मर्यादेपर्यंत दाबल्यावर तिचा जोर वाढण्याऐवजी उतरतो. त्यामुळे पेडल सुरुवातीला घट्ट लागते आणि पुढे मोकळे होते. आणि चकती झिजत जाते तसा हा जोर आधी काही काळ वाढतो. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. डायफ्रॅमच्या गाडीत क्लच जुना होतो तसे पेडल जड होते आणि वायरीच्या गाडीत पकडण्याची जागाही वर सरकते, पण हे इतक्या हळू घडते की रोज चालवणाऱ्याला जाणवत नाही. त्याचा पाय त्या झिजेबरोबर बदलत जातो. सात-आठ वर्षे चाललेली गाडी देऊन त्याच कंपनीची तीच गाडी नवी घेतली, तरी पेडल हलके व पकड खाली आलेली असते, आणि जुन्या अंदाजाने सोडलेला पाय चुकतो. नव्या गाडीत गोंधळणारा चालक बहुधा नव्या क्लचमुळे गोंधळत नाही. आपल्या जुन्या क्लचची झीज त्याने नकळत पाठ केलेली असते.

१४ डिसेंबर १९८३ रोजी आलेल्या मारुती ८०० ने भारतीय पायाचे शिक्षण जितके बदलले तितके दुसऱ्या कोणत्याही गाडीने बदलले नाही. ७९६ घनसेंटिमीटरचे लहान इंजिन, पुढची चाके ओढणारी रचना, वायरीने चालणारा हलका क्लच आणि पुढे जाण्याच्या सर्व गिअरना सिंक्रोमेश, असा हा संच होता. फियाटच्या जड पेडलाला सरावलेल्याच्या पायाला तो जवळजवळ रिकामा लागला, आणि ज्यांनी कधी गाडी चालवली नव्हती अशा असंख्य स्त्री-पुरुषांना तो पहिल्याच दिवशी पेलला. मोटार चालवणे हे दणकट पुरुषाचे आणि पगारी ड्रायव्हरचे काम राहिले नाही, याचे मोठे श्रेय त्या हलक्या पेडलाला आहे. मोटार ट्रेनिंग स्कूलांनी ही गाडी उचलली आणि पुढील दोन-तीन दशके महाराष्ट्रातील शहरांत गाडी शिकणे म्हणजे बहुधा मारुतीवर शिकणे झाले. कायद्यानुसार शिकवणीच्या गाडीत दुहेरी नियंत्रण लागते, म्हणजे शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात आणि ते शिकणाऱ्याच्या पेडलांना यांत्रिक दांड्यांनी जोडलेले असतात. सुरक्षिततेसाठी ही सोय आवश्यकच आहे. पण शिकवणारा आपल्या बाजूने क्लच सांभाळत राहिला की शिकणाऱ्याच्या पायाखालचे पेडल आपोआप हलते, आणि गाडी कशी सुटली हे त्याच्या पायाला कळतच नाही. परवाना हाती आल्यावर स्वतःच्या गाडीत पहिल्यांदा एकट्याने बसलेल्या माणसाची जी त्रेधा उडते, तिचे मूळ पुष्कळदा या उसन्या पायात असते.

महाराष्ट्रात या शिक्षणाची आणखी एक शाखा होती आणि ती डाव्या हाताची होती. १९७२ पासून पुण्याजवळ आकुर्डीला बनू लागलेल्या बजाज चेतक स्कूटरचा क्लच डाव्या मुठीत होता आणि तीच मूठ फिरवून गिअर बदलत. मध्यमवर्गीय कुटुंबात मोटार येण्याआधी दहा-पंधरा वर्षे चेतक आलेली असे, त्यामुळे १९८० आणि १९९० च्या दशकांत प्रथमच मोटार शिकणाऱ्या माणसाला क्लच म्हणजे काय, तो कोठे पकडतो आणि इंजिनाच्या आवाजावरून ते कसे ओळखावे, हे हाताने आधीच कळलेले असे. उरलेले काम ते ज्ञान पायात उतरवण्याचे होते. त्यात एक खोट मात्र होती. चेतकचा क्लच कॉर्कच्या चकत्यांचा आणि तेलात बुडालेला, हेले-शॉच्या जुन्या कल्पनेच्या घराण्यातला, म्हणून अर्धवट धरून ठेवलेला पुष्कळ सहन करणारा होता. मोटारीची कोरडी चकती तितकी सोशिक नसते. स्कूटरवरून मोटारीवर आलेली पिढी सिग्नलला हाफ क्लचवर गाडी धरून ठेवताना आणि चालत्या गाडीत पाय क्लचवर टेकवून ठेवताना दिसते, त्यात या वारशाचा वाटा असावा असे मानण्यास जागा आहे. कायनेटिक होंडाने १९८० च्या दशकात आणि अ‍ॅक्टिव्हाने २००१ नंतर बिनगिअरची स्कूटर घरोघर पोहोचवली, तेव्हा ही शाखा आटली. आज अठराव्या वर्षी मोटार शिकायला येणाऱ्या मुलामुलींपैकी अनेकांच्या हाताला किंवा पायाला क्लच प्रथमच भेटतो, आणि त्यांना लागणारा अधिक वेळ हा त्यांच्या बुद्धीचा किंवा धीराचा दोष मानणे अन्यायाचे आहे.

गेल्या पाव शतकातील बदल हे पायाला यंत्राविषयी मिळणारी खबर कमी करणारे आहेत. वायरीच्या जागी अनेक गाड्यांत तेलाचा दाब वापरणारा हायड्रॉलिक क्लच आला. तो झिजेची भरपाई बऱ्याच अंशी स्वतः करतो, म्हणून पकडण्याची जागा वर्षानुवर्षे फारशी हलत नाही, पण वायरीतून तळपायाला जाणवणारी चकतीची बारीक थरथर तेलात विरते. काही गाड्यांत तेलाच्या वाटेत मुद्दाम अरुंद छिद्र ठेवतात, जेणेकरून पाय झटकन सुटला तरी क्लच झटकन पकडू नये. चकतीच्या दोन अस्तरांमध्ये नागमोडी पोलादी पट्ट्या असतात, त्या आधी चेपतात आणि मग पूर्ण पकड येते; चामड्याखालच्या त्या पट्टीस्प्रिंगांचेच हे सुधारलेले रूप. १९८० च्या दशकात युरोपात आलेले आणि पुढे भारतातील काही डिझेल गाड्यांत बसलेले दुहेरी फ्लायव्हील इंजिनाचे हादरे मध्येच शोषून घेते. सर्वांत मोठा फरक मात्र इंधनाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने केला. कार्ब्युरेटरच्या गाडीत क्लच पकडू लागला की इंजिन खचे आणि चालकाला उजव्या पायाने त्याला सावरावे लागे. २००० नंतरच्या गाड्यांत वेग खचतो आहे असे दिसताच संगणक स्वतःच इंधन वाढवतो, त्यामुळे सपाट रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, नुसता क्लच सावकाश सोडूनही गाडी चालू लागते. जुन्या गाडीवरून आलेला चालक सवयीने आधी अ‍ॅक्सिलरेटर देतो, संगणकही देतो, आणि इंजिन विनाकारण ओरडते. अशा चालकासाठी मोकळ्या सपाट जागेत अ‍ॅक्सिलरेटरला न शिवता, केवळ क्लचवर गाडी पुनःपुन्हा सोडून थांबवणे हा सर्वांत उपयुक्त सराव आहे, कारण त्यात उजव्या पायाची जुनी सवय बाजूला राहते आणि पकडण्याची जागा निर्भेळ कळते. नवे अस्तरही फ्लायव्हीलशी पूर्ण बसण्यास काही शे किलोमीटर घेते, म्हणून पहिल्या आठवड्यातला अंदाज अंतिम मानू नये. चढावर ब्रेक सोडल्यावरही दोन-तीन सेकंद गाडी धरून ठेवणारी सोय आता अनेक गाड्यांत आहे. तिच्या भरवशावर शिकलेल्याला हातब्रेकचा तो जुना क्रम माहीत नसतो, आणि तशी सोय नसलेल्या गाडीत तो बोरघाटात थांबला तर मागच्या वाहनाला ते आधी कळते.

२०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओ गाडीने भारतातील स्वस्त मोटारींत ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन ही गिअरपेटी आणली, जिला इंग्रजी आद्याक्षरांवरून एएमटी म्हणतात. तीत क्लच तोच आहे, कोरडी चकतीही तीच आहे, फक्त तो दाबण्याचे व सोडण्याचे काम संगणकाच्या आज्ञेने एक यंत्र करते. आणि या गाड्यांचा सुरुवातीचा डोके हलवणारा गचका पाहिला, तर चांगल्या चालकाचा डावा पाय इतकी वर्षे किती सूक्ष्म काम करत होता हे दिसून येते. विजेच्या मोटारीला तर क्लचची गरजच नाही. कायद्याने मात्र या बदलाची नोंद अर्धीच घेतली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटारसायकलसाठी बिनगिअरची आणि गिअरची असे परवान्याचे दोन वेगळे वर्ग आहेत. हलक्या मोटार वाहनासाठी असा भेद नाही. त्यामुळे क्लच नसलेल्या गाडीवर चाचणी देऊन परवाना मिळवलेली व्यक्ती दुसऱ्याच दिवशी क्लचची गाडी घेऊन खोपोलीहून खंडाळ्याकडे चढू लागली, तर कायद्याची तिला हरकत नाही.